बांद्याच्या पलीकडे, जॅझच्या रात्री

मालवण-कुडाळकडे रात्र जागवून गाणंबजावणं ऐकायची सोय काही कमी नाही. जत्रेत दशावतार असतो, डबलबारी असते, गणपतीत तर वाडीवाडीतून पहाटेपर्यंत भजन चालतं. पण सॅक्सोफोन समोर बसून ऐकायचा असेल तर बांदा ओलांडून गोव्यात जावं लागतं. तसे आपण गोव्यात सतत जातच असतो. कुणी बांबोळीच्या इस्पितळात, कुणी नोकरीला, कुणी मोपाच्या विमानाला, कुणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला. त्यातले जॅझ ऐकायला मुद्दाम थांबणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘आमका त्यातला काय कळता?’

माझं म्हणणं असं, की रंगपटात आख्यान ठरवून, हातात लिहिलेली संहिता नसताना रात्रभर उभं राहणारं नाटक ज्यानं पाहिलंय, नटानं सूर लावताच पेटीवाला त्याच्या मागे कसा धावतो हे ज्याच्या कानात आहे, त्याला जॅझमधलं निम्मं आधीच कळलेलं असतं. उरलेलं निम्मं व्यवहाराचं आहे : कुठे जायचं, कुठे बसायचं, टाळी कधी द्यायची आणि रात्री परत कसं यायचं.

आधी जागेचं बघू. गोव्यात ‘लाइव्ह म्युझिक’ची पाटी जागोजागी दिसते, पण तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. पुष्कळदा आत एकच माणूस असतो, गळ्यात गिटार, शेजारी लॅपटॉप. ड्रम, बेस, पियानो सगळं त्या लॅपटॉपमधून येतं आणि वर हा गातो. पोट भरण्याचा सरळ धंदा आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण ते जॅझ नव्हे, कारण लॅपटॉपमधला ट्रॅक कुणाचं ऐकत नाही. गाणारा रेंगाळला तरी तो पुढे निघून जातो. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा : आज बँड आहे की ट्रॅकवर गाणं? माणसं किती? पहिला सेट किती वाजता? आत यायचे वेगळे पैसे आहेत का, आणि असले तर ते खाण्यापिण्याच्या बिलातून वळते होतात का? फोनवरचा माणूस ‘ड्रमर येतो’ असं म्हणाला तर निघायला हरकत नाही. ‘डीजे पण आहे’ म्हणाला तर दुसरा वार विचारा.

नावांची लांबलचक यादी मी देत नाही. ही ठिकाणं उघडतात, मिटतात, बँडचा वार बदलतो, आणि छापलेली यादी सहा महिन्यांत शिळी होते. बागा रस्त्यावरच्या ‘कावाला’चं नाव जुन्या गाण्यांच्या लाइव्ह बँडसाठी वर्षानुवर्षं घेतलं जातं, तिथून सुरुवात करता येईल. पुढची वाट वाजवणारेच दाखवतात. एका ठिकाणचा बेसवाला ‘गुरुवारी आम्ही तिकडे असतो’ म्हणून सांगतो, आणि तो पत्ता कुठल्याही पाटीवर नसतो. जागा जितकी साधी तितकी बरी, हे माझं मत. गुळगुळीत हॉटेलात बँड लांब मंचावर, दिव्यांत आणि लोक जेवणात. साध्या बारमध्ये खुर्च्या प्लॅस्टिकच्या असतील, पंखा कुरकुरत असेल, पण ड्रमर तुमच्यापासून दोन हातांवर असतो, आणि हे संगीत एवढ्या अंतरावरूनच नीट कळतं.

शनिवार टाळा. त्या रात्रीची गर्दी नाचायला आलेली असते आणि बँडलाही तेच वाजवावं लागतं. ऐकणारी माणसं आठवड्याच्या मधल्या वारी भेटतात. किनाऱ्यावरच्या पुष्कळ जागा पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च हे दिवस चांगले. आणखी एक तारीख लिहून ठेवण्यासारखी आहे. 30 एप्रिल हा युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन, 2012 पासून जगभर साजरा होतो. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणजे जागरणाची भीती नाही.

वेळेची गफलत आपल्याकडून हमखास होते. आपला दशावतार मध्यरात्री रंगतो, म्हणून आपण समजतो की तिथेही उशिरा गेलं तर चालेल. पण ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सवलत मिळते तेवढीच. त्यामुळे अंगणात, बागेत किंवा समुद्रकाठी असलेल्या ठिकाणी बँड साडेसात-आठलाच सुरू होतो आणि तुम्ही दहाला पोचलात तर वादक वायर गुंडाळताना बघायला मिळतात. बंदिस्त खोलीत जास्त वेळ चालतं. त्या हिशेबानं घरून निघा. मालवणहून पणजी शंभर-सव्वाशे किलोमीटर, कुडाळ-सावंतवाडी-बांदा-पत्रादेवी असं गेलं तर रमतगमत तीन तास धरा. किनाऱ्याकडच्यांना वेंगुर्ले-शिरोडा-आरोंदा करून किरणपाणीच्या पुलावरून पेडण्यात उतरणं सोयीचं. रेल्वेनं जाणाऱ्यांनी म्हापसा-बागा भागासाठी थिवी आणि पणजीसाठी करमळी ही स्टेशनं लक्षात ठेवावीत.

गाडीतल्या तीन तासांत कान तयार करा. सुरुवात घरचीच करावी. सी. रामचंद्र यांचं संगीत आणि मास्टर भगवान यांचा ‘अलबेला’, साल 1951. त्यातला ट्रम्पेट चिक चॉकलेटचा. हे नाव मंचावरचं. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातलं हळदोणे. मुंबईच्या ताजमध्ये तो बँड घेऊन वाजवत असे, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि ‘अलबेला’त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. हळदोण्याच्या पोराच्या हातात ट्रम्पेट आला तो चर्चमुळे. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चच्या शाळांतून मेस्त्री मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. समोर कागद ठेवला की वाजवणारे असे वादक मुंबईत दुसरे कुठून मिळणार? 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडमास्तर ताजमध्ये वाजवू लागला, मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. गोव्याची पोरं त्यांच्या संगतीत कागदापलीकडचं वाजवायला शिकली आणि दिवसा तीच पोरं हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत बसू लागली. ‘अमर अकबर अँथनी’त ज्यांचं नाव गाण्यात आलंय ते अँथनी गोन्साल्विस खरोखरचे, माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींचे गुरू. हा सगळा इतिहास नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात आहे, मिळालं तर जरूर वाचा. शंकर-जयकिशन यांची 1968 ची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी आपल्या कानाला चटकन लागते, कारण राग ओळखीचे असतात. कोकणीची सवय असलेल्यांना ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची गाणी नव्यानं ऐकायला हवीत. त्यांच्या आयुष्यावर बेतलेला ‘नाचोंया कुंपासार’ (2014) हा चित्रपट पाहिला असेल तर बारमधल्या वादकांकडे बघण्याची नजरच बदलते.

पोचल्यावर बसायचं कुठे? स्पीकरसमोर नको आणि पार मागेही नको. मंचाच्या बाजूला, जिथून ड्रमरचे हात आणि पाय दोन्ही दिसतील तिथे बसा. खाणं सेट सुरू होण्याआधीच सांगून टाका. चोरीस-पाव, कटलेट, जे असेल ते. दारू घेतलीच पाहिजे असं काही नाही. लिंबूसोडा किंवा कोकम सोडा घेऊन बसलेल्याला कुणी उठवत नाही, फक्त जागा अडवून तीन तास एकाच ग्लासावर काढू नये. फेणी प्यायची असेल तर हळूहळू. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून ती काही सौम्य झालेली नाही.

आता ऐकायचं कसं. बँड आधी सगळे मिळून एक धून वाजवतो. ती कान देऊन ऐका, कारण पुढचा सगळा खेळ तिच्यावरच आहे. धून संपली की एकेक वादक पुढे येतो. खाली बेस आणि पियानो त्याच धुनेची सुरावट तेवढ्याच मात्रांत फिरवत राहतात, आणि वर हा त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. आपला आख्यानातला राजा तरी दुसरं काय करतो? कथा ठरलेली, प्रवेश ठरलेला, बोलायचं काय ते समोरचा काय बोलला त्यावर. म्हणून एकट्या सॅक्सोफोनकडे बघत राहू नका. त्याच्या एखाद्या लकेरीला ड्रमर मागून कसा टोला देतो, पियानोवाला कुठे मुद्दाम गप्प बसतो, हे बघितलं तर मजा दुप्पट होते. सगळ्यांची वादनं झाली की पुष्कळदा ड्रमरशी सवाल-जवाब होतो. चार मापं (चार-चार मात्रांची) इतरांची, चार ड्रमची, परत चार इतरांची. डबलबारीत दोन बुवा एकमेकांना कोपरखळ्या मारतात तेव्हा आपण जसे सावरून बसतो, तसं इथेही बसावं. इथले बुवा एकमेकांचे आईबाप काढत नाहीत एवढाच फरक.

एक खूण सांगून ठेवतो. वाजवता वाजवता एखादा स्वतःच्या डोक्यावर हलकेच थाप मारतो. डोकं दुखत नसतं त्याचं. ‘आता मूळ धुनेवर या’ असा तो इतरांना इशारा असतो, आणि पुढच्या समेवर सगळे एकदम धून उचलतात. पहिल्यांदा ही खूण ओळखता आली की शेजाऱ्याला कोपर मारल्याशिवाय राहवत नाही.

जॅझच्या जोडीनं वाजणारा ब्लूज हा प्रकार त्याहून सोपा, आणि सोपा म्हणूनच फसवा. त्याचा साचा बारा मापांचा, प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. मध्यम लयीत ते पंचवीसेक सेकंदांत संपतं. पहिली चार मापं षड्जावर उभी, मग दोन मध्यमावर, परत दोन षड्जावर. नववं पंचमावर, दहावं मध्यमावर आणि शेवटची दोन घरी, षड्जावर. भजनाला पेटी धरणाऱ्या कुणालाही हे दोन आवर्तनांत पकडता येईल. बेसवाल्याकडे कान ठेवा, तो जागा बदलतो तेव्हा माप बदललं समजा. गाण्याचे शब्दही बहुधा तीन ओळींचे. पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरीत उत्तर. दोन ओळींच्या मध्ये गायक थांबतो तिथे गिटार बोलते. पहिली ओळ दोनदा का म्हणतात? ऐकणाऱ्याच्या मनात उत्तराची वाट तयार व्हावी म्हणून, असं मला वाटतं. तिसऱ्या ओळीला बारभर हशा किंवा हुंकार उठतो त्यावरून तरी.

आणि मग तो सूर. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधला कुठला तरी, तार ओढून काढलेला. गिटारवाला डाव्या हाताचं बोट तारेसकट वर ढकलतो, सूर कळवळत चढतो आणि शुद्ध गंधाराला पोचायच्या आतच परततो. पियानोवाल्याला हे जमत नाही, त्याच्याकडे पट्ट्या. मग तो दोन्ही गंधार एकदम घासून तो भास आणतो. पेटीवर मींड घेता येत नाही म्हणून हळहळणाऱ्या बुवांना त्याचं दुःख समजेल. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हाळ्यांतून, प्रार्थनांतून हे गाणं वर आलं. 1865 मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, राबणं संपलं नाही. पहिल्या ऐकण्यात हे सगळं आठवायची गरज नाही, पण गाणारा हसत हसत घर सुटल्याचं, पगार बुडाल्याचं गातो तेव्हा ते हसू साधं नाही एवढं ध्यानात असू द्या. याची गोडी लागली तर मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 मध्ये सुरू झालेला महिंद्रा ब्लूज महोत्सव आहे, आणि शिलाँगचा ‘सोलमेट’ हा आपल्याच देशातला ब्लूज बँड आहे.

टाळीचं मात्र नव्यानं शिकावं लागतं. भजनात आपला हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. इथे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ड्रमरच्या डाव्या पायानं चालणाऱ्या दोन झांजा त्या जागी ‘चिक्’ करून मिटतात. त्या पायाकडे बघत टाळी द्या, चुकणार नाही. म्हणूनच पाय दिसतील अशी जागा धरायला सांगितलं. एकट्याचं वादन संपलं की गाणं चालू असतानाच टाळ्या वाजवतात, ते शिष्टाचाराला धरून आहे. मध्येच ‘वा!’ निघून गेलं तरी हरकत नाही. वादकाला दाद कुठल्याही भाषेत कळते. बेसचं वादन सुरू झालं की मात्र बोलणं थांबवा. ते हळू असतं, आणि नेमकी तीच वेळ लोकांना बिल मागवायला सापडते.

फर्माईश सेटच्या मधल्या सुट्टीत करावी, चिठ्ठीवर, आणि बँडच्या प्रकृतीला मानवेल अशी. ‘अलबेला’तलं काही येतं का, असं विचारून बघा, एखादा जुना वादक खूश होतो. ‘झिंगाट’ मागू नका. मंचाजवळ बरणी किंवा टोपी ठेवलेली असेल तर जाताना तिच्यात नोट टाका. आपण दशावतारी नटाला बक्षीस देतो, पेटीवाल्याला विसरतो. इथे निदान सगळ्यांची बरणी एकच असते. मोबाइल उंच धरून अख्खं गाणं टिपणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही, त्यांच्या मागे बसलेले बोलतीलच.

घरच्यांना न्यायचं असेल तर रविवार दुपार बघा. गोव्यात काही ठिकाणी रविवारच्या जेवणाला बँड असतो, मुलं, म्हातारी माणसं सगळी येतात, आणि उजेडात घरी परतता येतं. एकवीस वर्षांखालच्यांना गोव्यात दारू देत नाहीत. रात्री मुलांना आत घेतात का, हे त्या त्या जागेवर आहे, फोनवरच विचारून घ्या.

आपल्याकडच्या वाजवणाऱ्या पोरांसाठी दोन शब्द. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीच्या ख्रिस्ती वाड्यांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे हात आहेत, आणि कीबोर्ड तर आता प्रत्येक भजनी मंडळात शिरलाय. काही ठिकाणी ठरावीक वारी जॅम असतो, म्हणजे बाहेरचा वादकही वर जाऊ शकतो. लवकर जाऊन बँडमास्तरला भेटा, नाव लिहून द्या, आणि कुठल्या पट्टीत वाजवणार ते आधीच सांगा. काळी चार म्हणू नका, त्यांचं सुरांचं नाव पाठ करून जा. ‘ऑटम लीव्हज’ ही धून आणि बारा मापांचा साधा ब्लूज एवढं तयार असलं की पहिल्या खेपेला पुरतं. वर गेल्यावर दोन आवर्तनं वाजवून थांबा. तिसरं ते स्वतःहून घ्यायला सांगतील, नाही सांगितलं तर खाली या आणि बाकीच्यांचं ऐका. मृदंगवाल्यांनी ‘टेक फाइव्ह’ (1959) ही धून आवर्जून ऐकावी. पाच मात्रांचा तो ठेका म्हणजे झपतालाच्या निम्म्या मात्रा, फक्त विभाग दोन-तीनऐवजी तीन-दोन असे.

परतीचं निघण्याआधीच ठरवा. प्यालात तर गाडी चालवायची नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम मद्यार्क ही कायद्याची मर्यादा, ती ओलांडली तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चौघांत एकानं लिंबूसोड्यावर राहावं, नाहीतर सरळ म्हापशात साधी खोली घेऊन झोपावं. रात्रीच्या टॅक्सीच्या भाड्यात ती निघते कधीकधी. टॅक्सी घेणार असाल तर परतीचं भाडं जातानाच बोलून घ्या, मध्यरात्री घासाघीस करायला तुमच्या हातात काही नसतं. बारमधलं खाणं पोटाला लागलं नसेल तर रस्त्याकडेच्या गाड्यावर रॉस ऑम्लेट मिळतं, गरम रस्सा आणि पाव. आणि गोव्यातली बाटली घेऊन परतू नका. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, इन्सुलीला उत्पादन शुल्काचा तपासणी नाका आहे, आणि डिकी उघडायला लावल्यावर ‘आम्ही जॅझ ऐकून येतोय’ हे उत्तर तिथे चालत नाही.